आलेखाची वही परत द्या

मा. अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळाचे सदस्य, प्राचार्य आणि गणित विभागातील सर्व शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होताना आपल्या कॉलेजने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना टाकली. सायन्सच्या अकरावी-बारावीला आठवड्यातून एकदा आलेखाची जोडतासिका होत असे, ती यंदापासून बंद. त्या वेळात सीईटीच्या सराव चाचण्या होतील. मुलांनी आलेखाची वही आणायची गरज नाही. महत्त्वाच्या आलेखांची छापील पुस्तिका कॉलेज देईल, बाकीचे आलेख मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघावेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रिंट काढून चिकटवलेला आलेखही चालेल.

सूचनेखाली भराभर अंगठे आले. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण चार ओळींत मावेल असं हे बोलणं नव्हतं. नंतर प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. म्हणून आता जाहीरपणे लिहिते आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे. आणि सीईटीसाठी वेळ काढायचा म्हणून हाच विचार करणाऱ्या दुसऱ्या संस्थांनीही हे वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करते. माझी मुलगी तुमच्याकडे बारावीत आहे. गेल्या वर्षी तुमच्याच सरांनी तिला हाताने आलेख काढायला शिकवलं. त्या एका वर्षात तिची गणिताची भीती कशी गेली, ते मी घरात बसून बघितलं आहे. त्यामुळे काय हातचं जातंय, हे मला ऐकीव माहितीवरून सांगावं लागत नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी त्याचा नमुना आम्ही एका छोट्या कपात घेतो. कपात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, असतं. रस थंड होत जातो तसा पडद्यावर तापमानाचा आलेख खाली उतरत जातो. उतरता उतरता तो एका जागी थबकतो, जवळजवळ आडवा होतो, कारण लोखंड गोठायला लागलं की सुप्त उष्णता बाहेर पडते. मग पुन्हा उतरतो आणि ११५० अंशांच्या आसपास पुन्हा एकदा आडवा होतो. पहिला थांबा किती तापमानाला आला, यावरून कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बन आणि सिलिकॉनसारखे घटक मिळून कार्बनच्या हिशेबात किती भरतात तो आकडा, काढतात. हा आकडा मशिन आपोआप देतं. पण कप नीट भरला नसेल, थर्मोकपल खराब असेल किंवा रस आधीच गार झालेला असेल, तरीही आकडा येऊ शकतो, फक्त तो चुकीचा असतो. वक्र वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. पहिला थांबा धड दिसत नाही, किंवा रेघ मध्येच उडी मारते. इंजिनिअरिंग करून नव्याने कामाला लागलेली, चांगली हुशार मुलं पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा रजिस्टरमध्ये उतरवतात आणि वक्राकडे बघतही नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा चढ, शून्य झाला की स्पर्शिका आडवी होते, हे त्यांनी पाठ केलेलं असतं. स्वतःच्या हाताने ती आडवी रेघ काढायची वेळ मात्र त्यांच्यावर कुणी आणलेली नसते.

हे फक्त फाउंड्रीपुरतं नाही. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर आलेख वाचत असतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथे शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दर काही तासांनी येणाऱ्या आकड्याकडे आपण सगळे डोळे लावून बसलो होतो. त्या वेळी नुसती पातळी कळून भागत नव्हतं. पाणी तासाला किती इंच चढतंय, आणि तो चढ मघापेक्षा वाढलाय की कमी झालाय, हे बघावं लागत होतं. पाणी अजून चढतंय पण चढण्याचा वेग ओसरायला लागलाय, ही जी जागा असते तिलाच तुमच्या पुस्तकात पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन म्हणतात. सामान आत्ताच माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हे नदीकाठच्या घरात याच जागेवरून ठरतं. या शहरातल्या मुलाला बारावी सायन्स करूनही ती जागा कागदावर दाखवता येऊ नये, हे मला मान्य नाही.

आता निर्णयाबद्दलच्या माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार छापील पुस्तिकेची. पुस्तिकेत आलेख तयार मिळतो, तो कसा तयार झाला ते मिळत नाही. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. फंक्शन असं: य = क्ष + १/क्ष. माझ्या मुलीला हे गेल्या वर्षी घरी करायला दिलं होतं. दहा-बारा किमती घालून बिंदू जोडायचे नाहीत, अशी सरांची सक्त ताकीद होती. आधी फंक्शनला प्रश्न विचारायचे. तू कुठे अस्तित्वातच नाहीस? क्ष शून्य असताना. म्हणजे य-अक्षावर आलेख नाही, त्याचे दोन वेगळे तुकडे होणार. क्ष धन असेल तर य धन, क्ष ऋण असेल तर य ऋण. म्हणजे एक तुकडा वर उजवीकडे, दुसरा खाली डावीकडे, चारांपैकी दोन चरण रिकामेच. क्षचं चिन्ह बदललं की यचंही फक्त चिन्हच बदलतं, म्हणजे उजवा तुकडा नीट काढला की डावा आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून मिळतो. अर्धं काम वाचलं.

मग टोकं बघायची. क्ष शून्याच्या अगदी जवळ आला की १/क्ष प्रचंड मोठा होतो, आलेख य-अक्षाला बिलगून वर जातो. क्ष खूप मोठा झाला की १/क्ष नगण्य होतो, आलेख य = क्ष या तिरक्या रेघेच्या जवळ जवळ जातो, पण कायम तिच्या वर राहून. आता कागदावर दोन टोकं आहेत आणि मधला भाग कोरा आहे. एक टोक डावीकडे वर गेलंय, दुसरं उजवीकडे वर चाललंय, तर मध्ये कुठेतरी आलेखाला वळावंच लागेल. अजून डेरिव्हेटिव्ह काढलेलाही नाही! आणि मग तो काढायचा, कारण आता काय शोधायचंय ते माहीत आहे. १ वजा १/क्ष² शून्य केव्हा? क्ष = १ आणि क्ष = −१. उजवीकडे तळ (१, २) इथे, डावीकडे माथा (−१, −२) इथे.

मुलगी तिथे थांबली आणि म्हणाली, "आई, मॅक्सिमम −२ आणि मिनिमम २ कसं येईल? माझं काहीतरी चुकलंय." तिने सगळं पुन्हा तपासलं. काहीच चुकलं नव्हतं. मग तिने आकृतीकडे बघितलं आणि तिचं तिलाच कळलं, की माथा फक्त त्याच्या आजूबाजूच्या बिंदूंपेक्षा उंच असतो, दुसऱ्या तुकड्याशी त्याचा संबंध नाही. लोकल मॅक्सिममची व्याख्या तिला आधीपासून पाठ होती. ती खरी कळली त्या संध्याकाळी. आणि वर हेही दिसलं, की −२ आणि २ यांच्या मधली एकही किंमत हे फंक्शन घेऊच शकत नाही, कारण त्या पट्ट्यात आलेख नाहीच. रेंज विचारणारा प्रश्न न सोडवताच सुटला.

पुस्तिकेत हाच आलेख दोन इंचांच्या चौकोनात छापलेला आहे. तो बघायला पाच सेकंद लागतात. मुलं तो बघतील आणि पान उलटतील.

दुसरी तक्रार ॲपची. माझा ॲपला विरोध नाही. जिओजेब्रा फुकट मिळतं, त्यात सरकपट्टी हलवून फंक्शन कसं बदलतं ते बघायला मलाही आवडतं. पण स्वतः आलेख काढण्याआधी ॲप उघडलं, तर पडद्यावर जे दिसतं ते मूल खरं मानतं. क्षचा घन वजा ०.०३क्ष हे फंक्शन घ्या. पडद्यावर −१० ते १० असा नेहमीचा पट्टा ठेवला, तर ते हुबेहूब नुसत्या घनासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्याला शून्याच्या अलीकडे-पलीकडे, क्ष = −०.१ आणि क्ष = ०.१ इथे, एक माथा आणि एक तळ आहे. त्यांची उंची-खोली ०.००२ एवढीच, म्हणून पडद्यावर ते सपाट होऊन जातात. हाताने करणारा मुलगा डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवतो, त्याला दोन उत्तरं मिळतात आणि ती वळणं त्याच्या हातून निसटत नाहीत. मग त्याने ॲपमध्ये तेवढाच भाग मोठा करून बघावा, त्याला तो नक्की सापडेल, कारण कुठे बघायचं ते त्याला माहीत आहे. तसंच क्षचा वर्ग वजा १ याला क्ष वजा १ ने भागलं, तर पडद्यावर एक सरळ अखंड रेघ येते. क्ष = १ इथे त्या रेघेला भोक आहे, ते नुसत्या नजरेला दिसत नाही. कंटिन्युइटीचा, म्हणजे आलेख अखंड आहे की तुटतो याचा, अख्खा धडा त्या भोकाबद्दल आहे.

शिवाय प्रत्येक घरात मुलाचा वेगळा मोबाइल असतो, हे तुम्ही गृहीत धरलंत. पन्हाळा, शाहूवाडीकडून सकाळच्या एसटीने येणारी मुलं तुमच्याकडे आहेत. काहींच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. आलेखाचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर त्यांना परवडतात.

तिसरी तक्रार सीईटीच्या कारणाची, आणि मला वाटतं खरा वाद इथेच आहे. आई म्हणून ती भीती मलाही आहे. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. एवढ्या वेळात आलेख कुठे काढत बसणार, असं तुम्हाला वाटतं. पण पटापट कच्चा आलेख काढता येणाऱ्याचाच वेळ वाचतो. साइन क्ष = क्ष/१० या समीकरणाला किती उत्तरं आहेत, असा प्रश्न घ्या. बीजगणिताने हा सुटत नाही, पर्याय घालून बघूनही सुटत नाही. साइनची लाट काढा, आरंभबिंदूतून जाणारी तिरकी रेघ काढा. क्ष १० झाला की रेघ १ च्या उंचीवर पोचते, पुढे लाट तिला गाठू शकत नाही. उजवीकडे पहिल्या उंचवट्यावर एक छेद, दुसऱ्या उंचवट्यावर दोन, तिसरा उंचवटा १० च्या पलीकडे. डावीकडे तेवढेच तीन, आणि मध्ये शून्य. उत्तर सात. सराव असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ज्या मुलांनी ही लाट हाताने काढलेली नाही, त्यांना हा प्रश्न सोडून द्यावा लागतो, मग त्यांच्याकडून कितीही चाचण्या सोडवून घ्या. चाचणीने वेग तपासला जातो. ज्यातून वेग येतो ते शिक्षण तुम्ही वेळापत्रकातून काढून टाकलं आहे.

बोर्डाच्या लेखी परीक्षेलाही हेच लागू आहे. साइनचा वक्र आणि क्ष-अक्ष यांच्यामधलं शून्य ते २π एवढ्या भागातलं क्षेत्रफळ विचारलं की आलेख न काढणारी मुलं सरळ इंटिग्रेशन करतात आणि शून्य असं उत्तर लिहून मोकळी होतात. आकृती काढली असती तर अर्धा भाग अक्षाच्या खाली आहे हे दिसलं असतं, आणि उत्तर चार आलं असतं. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या गणितात तर आकृतीशिवाय पुढे जाताच येत नाही.

चौथी तक्रार जर्नलची, थोडक्यात सांगते. प्रॅक्टिकलला वीस गुण आहेत. प्रिंट चिकटवून त्यातले गुण मिळतात, हे कॉलेजने स्वतः लेखी सांगणं मला गैर वाटतं. मुलं अशा गोष्टी पटकन शिकतात.

पाचवी तक्रार शिक्षकांच्या वतीने, त्यांनी मला सांगितलेलं नसताना करते आहे. मला जेवढं कळलं त्यावरून, हा निर्णय गणित शिकवणाऱ्यांना न विचारता झाला. वह्या तपासण्याचा भार मोठा असतो, हे मी जाणते. ऐंशी मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा वक्र बघणं म्हणजे घरी नेऊन रात्री करायचं काम. तो भार हलका करायचे मार्ग आहेत. मुलांनी शेजारच्याची वही तपासावी, सरांनी दर आठवड्याला थोड्याच वह्या बघाव्यात. पण तासिकाच बंद केल्यावर शिक्षकाने काय करायचं? वर्गात फिरताना एखाद्याचा वक्र असिम्प्टोट, म्हणजे ज्या रेघेला वक्र नुसता बिलगत जातो ती, ओलांडून जाताना दिसला की सर खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "इथून पलीकडे गेलास तर क्ष किती होईल?" तेवढ्यात मूल स्वतःच खोडरबर उचलायचं. पुस्तिका हे विचारत नाही आणि ॲपही विचारत नाही.

कोल्हापुरात तालमीत गेलेल्या कुणालाही विचारा, दुसऱ्याची कुस्ती बघून कुणी पैलवान झालाय का. तिथे जोर-बैठका बंद करून फक्त कुस्त्यांचे व्हिडिओ दाखवायचं ठरलं असतं, तर गावाने ते चालू दिलं नसतं. गणिताच्या बाबतीत मात्र आपण पालकांनी अंगठे दिले, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्गांना आठवड्यातून एक जोडतासिका हाताने आलेख काढण्यासाठी पुन्हा सुरू करावी. सीईटीच्या चाचण्या ठेवायच्या असतील तर शनिवारी ठेवा, पण हा वेळ घेऊ नका.

क्रम ठरवून द्यावा: आधी हाताने, मग ॲपमध्ये पडताळणी. दोन्हींत फरक दिसला तर तो का आला, हे मुलाने वहीत एका ओळीत लिहावं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ही पडताळणी करू द्यावी, म्हणजे मोबाइल नसलेलं मूल मागे पडणार नाही.

छापील पुस्तिका रद्द करा असं मी म्हणत नाही. छापून झाली आहे, पैसे गेले आहेत. ती मुलांना वर्षाच्या शेवटी, उजळणीसाठी द्या. आणि जर्नलमध्ये चिकटवलेला आलेख चालणार नाही, अशी दुरुस्तीची सूचना त्याच ग्रुपवर टाका.

कॉलेजच्या प्रत्येक अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न असा असावा, की ज्यात आलेखाच्या पायऱ्यांना गुण आहेत. फंक्शन कुठे अस्तित्वात आहे, अक्षांना कुठे छेदतं, सममिती, टोकांचं वागणं, चढ-उतार, वळणं. आकृती थोडी वाकडी आली तरी चालेल, पायऱ्या बरोबर असल्या तर गुण द्या. हस्तकौशल्याचे गुण कापू नका. त्यानेच पुष्कळ मुलं आलेखाला घाबरतात.

आणि गणिताच्या वेळापत्रकात पुढे काही बदल करायचा असेल, तर तो गणिताच्या शिक्षकांशी बोलून आणि पालकसभेत मांडून करावा. ग्रुपवरच्या सूचनेने नको.

येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि माझ्या अर्जाला त्याआधी लेखी उत्तर द्यावं. उत्तर नकाराचं असेल तर त्याची कारणंही कळवावीत, मी ती वाचून सभेत बोलेन. तासिका पुन्हा सुरू झाली, तर आमच्या लॅबमधले गोठणाऱ्या लोखंडाचे वक्र कागदावर उतरवून मी वर्गात घेऊन येईन, फक्त त्यावरचे आकडे झाकून. मुलांनी ते वाचून दाखवावेत. कुठल्या शनिवारी यायचं तेवढं कळवा.

आपली नम्र,
बारावीच्या एका विद्यार्थिनीची आई
कोल्हापूर